हाड जुळेपर्यंत

मैना आमची सहा वर्षांची लॅब्रॅडॉर. तिच्या मागच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रिया झाली, त्याला आता महिना होत आलाय. टाके निघाले, जखम भरली, भादरलेल्या मांडीवर बारीक केस उगवले. चारही पाय टेकून ती चालते. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "अरे वा, झाली की बरी!" आणि नेमके इथूनच सगळ्यांत अवघड आठवडे सुरू होतात. दुखणं ओसरलंय, अंगात रग आलीय, पण आतलं हाड अजून जुळलेलं नाही. एक्स-रे आठव्या आठवड्यात काढायचा आहे. तोवर कोथरूडमधल्या आमच्या घराचं वेळापत्रक ते हाडच ठरवतं. त्यातलाच हा एक दिवस, श्रावणी सोमवारचा.

पहाटे ५.४५

हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी जाळीचं कुंपण आहे. आत जाड गादी, पाण्याचं भांडं, आणि वळून निजता येईल एवढीच जागा. मैनाचं सध्याचं घर एवढंच. मी दिसले की तिची शेपटी जाळीवर आपटायला लागते. दार उघडण्याआधी मी आत हात घालून हार्नेस चढवते आणि पट्टा अडकवते. हा क्रम कधी मोडायचा नाही. दार आधी उघडलं तर एका उडीत ती सोफ्यावर असेल.

उभी राहताना मी तिचा पाय बघते. सकाळी सांधा आखडलेला असतो, त्यामुळे पहिली चार-सहा पावलं जपून पडतात. पंजा पूर्ण टेकतोय की नुसती बोटं, उभं राहिल्यावर वजन डाव्या पायाकडे किती कलतंय, हे रोज याच वेळी बघितलं की तुलना करता येते. लिगामेंट झिजायला लागल्याच्या खुणाही सकाळीच दिसतात: झोपेतून उठल्यावरचं लंगडणं, जे थोडं चालल्यावर कमी होतं, आणि बसताना एक पाय दुमडून न घेता बाहेर फेकून बसणं. ज्यांच्या घरी मोठ्या जातीचा कुत्रा आहे त्यांनी या दोन गोष्टींकडे जरूर लक्ष ठेवावं.

६.००

लिफ्टने खाली. जिना वर्ज्य आहे. पार्किंगमधून फाटकाकडे जायला तीन पायऱ्या लागतात, तिथे मी तिच्या पोटाखालून पंचा घालते आणि मागचा भार हलका उचलून धरते. पहिले पंधरा दिवस प्रत्येक पावलाला हा पंचा लागायचा, आता तेवढ्या पायऱ्यांपुरताच.

फेरी दहा मिनिटांची. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांची होती. ती अगदी हळू चालवायची, आणि त्यामागे कारण आहे. कुत्रा वेगाने निघाला की दुखरा पाय उचलून धरतो आणि तीन पायांवर सहज पळतो. हळू चालताना मात्र त्याला प्रत्येक पाय टेकवावाच लागतो. टेकला की वजन पडतं, आणि वजन पडलं की वाळलेली मांडी पुन्हा भरायला लागते. म्हणून मैना ओढायला लागली की मी थांबते. ती वळून बघते, पट्टा सैल होतो, आम्ही पुढे निघतो.

गल्लीतली कुत्री तिची जुनी मित्रमंडळी. ती लांबून दिसली की वॉचमनकाका हातातली बॅटरी वर करतात, आम्ही बाजू बदलतो. खेळाच्या नादात घेतलेली एक गिरकीसुद्धा या पायाला परवडणारी नाही.

७.००

आधी जेवण, मग गोळी. वेदना आणि सूज कमी करणारी कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅमसारखी औषधं रिकाम्या पोटी दिली तर पोटाला त्रास होतो. उलटी झाली, शी काळी पडली, खाणं सुटलं, तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करायचा. मैनाचं ते औषध डॉक्टरांनी आता कमी करत आणलंय. शांत राहण्यासाठीची गोळी मात्र चालू आहे. माणसांच्या डब्यातलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला कधीही द्यायचं नाही. आमच्या घरात औषधांचे दोन वेगळे डबे केलेत आणि ते वेगवेगळ्या कपाटांत असतात.

जेवण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून. हालचाल कमी झाली की खाणंही कमी व्हायला हवं. शस्त्रक्रियेच्या वेळी मैना ३४ किलोंची होती, आता साडेएकतीस आहे, पोचायचं आहे २९ वर. २००२ साली अमेरिकेत एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं जोड्या लावून वाढवली होती, आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला जन्मभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं गेलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीवरचे उपचारही कमी खाणाऱ्यांना पुष्कळ उशिरा लागले. वाटीतली मूठभर कपात गुडघ्यापर्यंत पोचते, ती अशी.

७.४५

शेक. कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर दहा मिनिटं. आधी ती स्वतःच्या मनगटावर धरून बघायची, कारण भादरलेली कातडी पटकन भाजते. सुरुवातीचे दिवस बर्फाचे होते, सूज उतरल्यावर व्यायामाआधी गरम आणि नंतर थंड असा क्रम आला.

मग मैनाला डाव्या कुशीवर निजवते. एक हात मांडीखाली, दुसरा घोट्याखाली. गुडघा हळू दुमडायचा, जिथे तिला जड वाटेल त्याच्या अलीकडे थांबायचं, मग हळू लांब करायचा. असं दहा-बारा वेळा. सांधा हलता राहिला नाही तर कायमचा आखडतो. दुखलं तर मैना ओरडत नाही. ती ओठ चाटते, मान वळवून माझ्या हाताकडे बघते, किंवा मांडीचा स्नायू माझ्या बोटांखाली एकदम ताठ होतो. तेवढ्यावर मी थांबते. सासूबाई समोर बसून तिचं डोकं कुरवाळत असतात. त्यांच्या गुडघ्याचा व्यायामही याच वेळी उरकतो.

शेवटी तिला चटईवर सरळ उभं करून कमरेला दोन्ही बाजूंनी अलगद ढकलते, इतकं हळू की पाय हलू नयेत, फक्त भार या पायावरून त्या पायावर जावा. पाहणाऱ्याला यात काही घडताना दिसत नाही, पण नेमक्या याच झुलण्याने आजारी पाय पुन्हा कामाला लागतो.

९.३०

मावशी फरशी पुसायला येतात. हल्लीच्या गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, आणि फरशी ओली असली तर विचारायलाच नको. म्हणून कुंपणापासून दारापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत रबरी चटयांची सलग वाट केली आहे. नुसती सतरंजी चालत नाही, तीच घसरते. मावशींनी स्वतःच रीत बसवली: आधी हॉल पुसायचा, पंखा लावायचा, फरशी खडखडीत वाळली की चटया टाकायच्या. "मैनाताई, अजून नाही हं," असं त्या जाळीपाशी वाकून सांगतात. पंज्यांच्या गाद्यांमधले वाढलेले केस मी दर रविवारी कापते. तेही घसरण्याचं एक कारण असतं.

१०.३०

माझं ऑफिसचं काम सध्या घरून चालतं. टेबल कुंपणाला लागून लावलंय. मैना निजते, मी हिशेबाच्या फायली उघडते. शांतता असते, तेवढ्यात शस्त्रक्रियेत नेमकं काय झालं ते सांगते, कारण पुढच्या प्रत्येक 'नको'चं कारण त्यातच आहे.

कुत्र्याच्या मागच्या पायाचा गुडघा उभा असतानाही वाकलेलाच असतो. नडगीच्या हाडाचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. पाऊल टेकलं की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं आणि नडगी पुढे सरकू पाहते. हे सरकणं अडवून धरतं ते गुडघ्यातलं लिगामेंट. माणसांचं लिगामेंट बहुतेकदा खेळताना, एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं बहुतेकदा महिनोन्‌महिने धाग्याधाग्याने झिजतं आणि शेवटी एखाद्या साध्या उडीत जातं. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, न्यूफाउंडलंड अशा मोठ्या जातींत हे जास्त दिसतं.

अमेरिकेतल्या ओरेगनचे पशुशल्यविशारद बार्कले स्लोकम यांनी याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. तुटलेला दोर बदलण्यापेक्षा उतारच काढून टाकला तर दोराची गरजच उरणार नाही, असा तो विचार. १९९३ मध्ये त्यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. नडगीचा माथा अर्धगोल करवतीने कापायचा, फिरवायचा, आणि नव्या जागी धातूची प्लेट व स्क्रू लावून पक्का करायचा. साधारण २५ अंशांचा उतार ५ अंशांच्या आसपास येतो. टीपीएलओ या नावाने ती आज जगभर केली जाते, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही. मैनाची हीच झाली.

म्हणजे मैनाच्या पायात आज आरपार कापलेलं हाड आहे. प्लेटने ते धरून ठेवलंय म्हणून ती चालू शकते. ते एकसंध व्हायला साधारण आठ आठवडे लागतात, आणि तोवर प्रत्येक उडीचा झटका प्लेटला आणि स्क्रूंना सोसावा लागतो.

दुपारी १.००

पुन्हा दहा मिनिटं खाली. परतल्यावर नवा व्यायाम, जो डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात तपासून झाल्यावरच सुरू करायला सांगितला. मैनाला भिंतीशेजारी उभं करायचं, आजारी पाय भिंतीकडे. "बस." भिंत असल्यामुळे तिला पाय बाहेर फेकून बसता येत नाही, गुडघा दुमडावाच लागतो. "उठ." पाच वेळा, दर वेळी काकडीची एक चकती. पाचव्या वेळी मांडी थोडी थरथरते, म्हणून सहावी वेळ नाही.

२.१५

सासूबाई संध्याकाळच्या नैवेद्याची तयारी करतायत. तुपात रवा भाजला जातोय आणि मैना जाळीपाशी येऊन बसलीय, नजर ओट्यावर. "अगं, चमचाभर शिरा दिला तर काय होतंय? बघ कशी बघतेय बिचारी. महिन्याभरात एवढंसं तोंड झालंय तिचं."

"आई, शिऱ्यात बेदाणे आहेत. कुत्र्याला ते विषासारखे असतात, मूत्रपिंडं निकामी होतात. तुम्ही तिला दुधी द्या ना, उकडलेला. तुमच्या हातून तिला तोही गोड लागेल."

त्या दुधीच्या फोडी बाजूला काढतात. त्यांचा जीव तुटतो, आणि तो का तुटतो हे मला कळतं. त्यांच्या पिढीने आजाऱ्याला खाऊ घालूनच उभं केलं. पण लॅब्रॅडॉरच्या डोळ्यांतली भूक पोटाशी नेहमी इमान राखत नाही. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की या जातीच्या जवळपास चौथ्या हिश्श्यातल्या कुत्र्यांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा नसतो आणि अशी कुत्री खाण्याच्या मागे जास्त लागतात. हे ऐकवल्यावर सासूबाईंनी मैनाला हावरट म्हणणं कायमचं सोडलं. "तिचा काय दोष," म्हणाल्या, आणि गाजराचे तुकडे करून फ्रिजमध्ये वेगळा डबा ठेवला.

४.००

सोमवार म्हणून शाळा लवकर सुटलीय. शेजारचा पाचवीतला ओम दप्तर टाकून थेट आमच्याकडे. रोज संध्याकाळी मैनाला बॉल टाकणारा तोच.

"काकू, ती तर आता नीट चालते! मग बॉल का नाही?"

समोर इमारतीचं काम चालू आहे. मी त्याला खिडकीतून नवा स्लॅब दाखवते. वरून कोरडा दिसतो, माणसं त्यावरून चालतातही, पण खालचे टेकू अजून काढलेले नाहीत आणि भिंतींच्या विटा अजून चढवलेल्या नाहीत. मैनाचं हाड आज तिथवर आलंय. ओम बराच वेळ बघतो आणि म्हणतो, "मग मी काय करू?"

त्याच्यासाठी काम आहे. जुन्या टॉवेलात गाजराचे तुकडे आणि जेवणातलेच मोजून ठेवलेले दाणे गुंडाळायचे, सैल गाठ मारायची, आणि तो टॉवेल मैनासमोर ठेवायचा. ती निजल्या जागी नाकाने शोधते, पंज्याने सोडवते. मग तीन वाट्या उपड्या, एकीखाली दाणा. वास घेऊन शोधण्यात कुत्र्याचं डोकं पुरतं गुंतून जातं. पंधरा-वीस मिनिटांत मैना दमून जांभया देते. डांबून ठेवलेल्या जनावराला रिकामपण छळतं. मग ते भुंकतं, गादी फाडतं, टाक्यांची जागा चाटत बसतं. हे खेळ औषधाच्या गोळीइतकेच गरजेचे आहेत, आणि ओम ते नेमाने देतो.

५.३०

बाहेर धो धो. पार्किंगमधली फरशी निसरडी झालीय, म्हणून सू करण्यापुरतं खाली जाऊन येतो. वर आल्यावर चारही पंजे कोरडे करते, बोटांच्या बेचक्यांसकट. उरलेली फेरी मजल्यावरच्या लांब बोळात, शेजाऱ्यांनी दिलेल्या योगा मॅट टाकून. इकडून तिकडे, तिकडून इकडे, तेवढ्याच संथ चालीने.

७.१५

दिवसातला सगळ्यांत धोक्याचा क्षण म्हणजे माणसं घरी येण्याचा. मैनाच्या लेखी दाराची बेल म्हणजे दोन पायांवर उभं राहायचं निमंत्रण. म्हणून बेल काढून टाकलीय, दारावर चिठ्ठी आहे: 'कृपया फोन करा'. माझा नवरा समीर खालूनच मला मेसेज करतो. मी मैनाला पट्टा लावून चटईवर बसवते. तो आत येतो, बोलत नाही, तिच्याकडे बघतही नाही. चपला काढतो, हात धुतो, आणि जमिनीवर बसतो. मग ती चालत त्याच्याकडे जाते आणि मांडीवर डोकं ठेवते. पहिल्या आठवड्यांत हे त्याला फार जड गेलं. दिवसभर ज्या भेटीसाठी घरी यायचं तीच आवरून धरायची. आता दोघांनाही ही भेट आवडते. ती उलट जास्त वेळ टिकते.

९.००

शेवटची फेरी झाली. आता पंधरा मिनिटं बर्फ, पातळ फडक्यातून. बर्फ ठेवण्याआधी समीर तपासतो: जखमेची रेघ लाल आहे का, काही झिरपतंय का, गुडघा डाव्यापेक्षा गरम लागतो का. चालताना गुडघ्यातून 'टक्' असा आवाज येतो का, यावरही दिवसभर आमचे कान असतात. गुडघ्याच्या दोन हाडांमध्ये जी गादी असते, ती फाटली तर असा आवाज येऊ शकतो. सुधारलेला पाय एकाएकी पुन्हा उचलून धरला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. आज यातलं काही नाही.

गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन टाके असेपर्यंत रात्रंदिवस होता. आता जखम पूर्ण भरलीय, तो फक्त कपाटावर हाताशी ठेवलाय.

१०.३०

वहीत नोंद: सकाळचा ताठरपणा कमी, दुपारचे पाच 'बस-उठ' नीट, औषधं दिली, वजन शनिवारी. मांडीचा घेर दर शनिवारीच फितीने मोजतो, दोन्ही पायांचा. दोन आकड्यांतलं अंतर हळूहळू मिटतंय. पुढच्या आठवड्यात फेरी पंधरा मिनिटांची होईल.

समीर कुंपणाशेजारी गादी घालतो. मैना आमच्या पलंगावर निजणारी, एकटीला झोप लागत नाही, म्हणून आम्ही आळीपाळीने खाली निजतो.

एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं की कुंपण निघेल, पट्टा हळूहळू लांब होईल, पुढे पाण्यातल्या ट्रेडमिलवर व्यायामही सुरू करता येईल. पण एका पायाचं लिगामेंट गेलेल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या दुसऱ्या पायाचंही पुढेमागे जातं. त्यामुळे मोजून जेवण, कोरडी फरशी, रबरी चटया आणि रोजचं संथ चालणं आमच्याकडे मैना आहे तोवर राहणार.

ज्यांच्या घरी ही शस्त्रक्रिया ठरते आहे त्यांना मनापासून सांगते. डॉक्टरांचं काम काही तासांत संपतं आणि बहुतेकदा उत्तम होतं. त्यानंतरचे दोन-तीन महिने घराचे असतात. सकाळी कोण उठणार, दुपारी घरी कोण असणार, आजीला कोण समजावणार, शेजारच्या मुलाला कोणतं काम द्यायचं, हे आधीच बोलून ठेवा. शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशी घरी येऊन फीत काढा, आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत किती चटया लागतील त्याचं माप घ्या.